सहा तास वजा

हमले ७

प्रोग्राममध्ये काय बदललं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं, असं रेदियेतनं मला बजावलंय. "गाशे झेरिहुन, महिन्यानं तुमचंच लिहिलेलं तुम्हाला कळत नाही, आणि मग माझं डोकं खायला येता." ऑफिसात ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून गाशे, म्हणजे दादा, म्हणते, पण जीभ माझ्या आजीच्या वयाची. म्हणून ही वही. दिवसा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, रात्री बॅगेच्या तळाशी राहील, घरी कुणाला दाखवणार नाही. तारखा आपल्याच कॅलेंडरच्या: ऑफिसचा जुलै तो आपला हमले, ऑगस्ट तो नेहासे.

तर नोंद. चुलतभावानं दुबईहून सहा स्मार्ट प्लग आणले. त्यांचं ॲप भिकार आहे, इंटरनेट गेलं की रुसून बसतं. रेदियेतनं एक लायब्ररी दिली. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण चार ओळी लिहायच्या, प्लगशी बोलायचं कसं ते तिला ठाऊक असतं. घरी कपाटावर जुना लॅपटॉप चालू ठेवलाय. तो दर मिनिटाला प्रत्येक प्लगला विचारतो, काय रे, चालू की बंद? उत्तर फाइलमध्ये जातं. गिझर, वॉशिंग मशीन, किटली, शेगडी, इस्त्री, टीव्ही.

हमले ८

ऑफिसातून घरचा टीव्ही बंद करून पाहिला. पाच मिनिटांनी बायकोचा, वुबितचा फोन. "लाइट गेली का रे सगळीकडे?" मी म्हटलं, गेली असेल. तिला प्लग ठाऊक आहेत, पण ते इथून चालतात आणि सगळं लिहून ठेवतात हे ठाऊक नाही. सांगेन सावकाश. नऊ वर्षं लग्नाला झाली, एक गंमत माझ्यापाशी राहिली तर काय बिघडलं?

हमले १२

अबाबांना गिझरची धास्ती वाटते. "हे भांडं भिंतीवर उकळत ठेवून तुम्ही झोपता कसे?" आई गेल्यावर, ईस्टरपासून, वडील आमच्याकडेच आहेत, आणि गावाकडे, देब्रे बिरहानच्या घरात असलं काही नव्हतं. म्हणून जुना टॅब्लेट बाहेरच्या खोलीत टांगला. काय चालू आहे, कितीपासून, ते त्यावर दिसतं.

लगेच भांडण. "ह्यात नऊ वाजलेत. माझे तर तीन वाजलेत!" बरोबरच आहे. त्यांचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो. ऑफिसच्या सातला त्यांचा एक. आपली वेळ सोडून फिरंगी वेळ ते ह्या वयात कशाला शिकतील? जेवणाआधी घाईघाईत प्रोग्राम उघडला आणि जिथे वेळ लिहिली जाते तिथेच सहा तास वजा केले. एका ओळीत काम झालं. अबाबा खूश. टॅब्लेटची पापी घ्यायचेच बाकी होते.

हमले २३

दहा दिवस काही लिहिण्यासारखं घडलं नाही. फाइलही उघडली नव्हती. आज सहज उघडली.

गिझर रोज चालू होतो. आठ दहाला. आठ पाचला. आठ वीसला. अर्धा-पाऊण तास. आणि त्यानंतर वॉशिंग मशीन. रोज!

सात वाजता मी घरून निघतो. वुबित माझ्याबरोबरच निघते, औषधांच्या दुकानात तिची सकाळची पाळी असते, दुपारी एकला ती घरी येते. अबाबा सकाळी चर्चला जातात. म्हणजे आठ वाजता घरात चिटपाखरू नाही. मग आंघोळ कोण करतं?

हमले २५

दोन दिवस गप्प राहून फाइल वाचली. आता सकाळी ऑफिसात आलो की आधी कालची फाइल बघतो, मग कॉफी.

नवीन शोध. इस्त्री. शून्य चाळीसला, म्हणजे ऐन मध्यरात्री, सात मिनिटं. काल, परवा, तेरवा. मी शेजारी घोरत असताना ही बाई उठते आणि इस्त्री करते. कुणाचे कपडे? माझे नव्हेत. माझा शर्ट मी स्वतः सकाळी, निघायच्या वीस मिनिटं आधी इस्त्री करतो. लग्नापासून करतो. तिला माझी कॉलर जमत नाही.

आणि टीव्ही. दुपारी दोन ते चार. दुपारी फोन केला की म्हणते, जरा पडलेय.

हमले २७

रविवार. वुबितनं कॉफी केली. आमच्या घरी तिसरा पेला झाल्याशिवाय अबाबा जागचे हलत नसत. आई म्हणायची, तुमच्या अंगात रक्त नाही, कॉफीच वाहते. आज त्यांनी पहिला पेला अर्धा घेतला आणि पालथा घातला. वुबितनं आग्रह केला नाही. आग्रह न करणारी सून मी आमच्या कुळात पाहिली नाही. मीच म्हटलं, "घ्या की अबाबा." तर म्हणाले, "पोटाला सोसत नाही." आणि वुबितकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

दोघांत काहीतरी आहे. मला न कळणारं.

आणि ऊद. आधी फक्त कॉफीच्या वेळी निखाऱ्यावर ऊद टाकायची. हल्ली मी घरी पोचतो तेव्हा खोल्या धुरानं भरलेल्या असतात. कसला वास लपवतेस बाई? सिगरेटचा? दुसऱ्याच्या अत्तराचा?

नेहासे ३

काल वुबित दुकानातून काळी पिशवी घेऊन आली. फुगीर, हलकी. मला बघून ती पिशवी पाठीमागे धरली. मी म्हटलं, "काय आणलंस?" म्हणाली, "कापूस." एवढा कापूस? गादी भरायची आहे का?

नंतर अबाबांच्या खोलीत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. म्हणजे लपवायची जागा ती! म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाखाली मी हात घालणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय. शब्दशः मुरतंय, रोज ऐंशी लिटर.

हे खरं निघालं तर मी काय करीन? लिहायलाच हवं, म्हणून लिहितो. मी अबाबांना घेऊन वेगळा राहीन. वुबितशिवाय कसा राहीन ते मला माहीत नाही. पण मूर्ख बनून राहणार नाही.

नेहासे ९

आज रजा टाकली. घरी सांगितलं नाही. वुबितबरोबर निघालो, कोपऱ्यावर तिला टॅक्सीत बसवलं आणि मागे फिरून आमच्या इमारतीसमोरच्या ज्यूसच्या दुकानात बसलो. पावसानं काचा धूसर झालेल्या. उपवासाचे दिवस, तिसऱ्या प्रहरापर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पण दुकानात फुकट बसू देतात का? ॲव्होकॅडोचा एक पेला घेतला. त्याचं पाप कुणाच्या माथी ते देव बघून घेईल.

आठ वाजले. आठ दहा. साडेआठ. कुणी आलं नाही. वुबित परतली नाही. पण दुसरीच गोष्ट दिसली. अबाबा चर्चला गेलेच नाहीत! साडेनऊला गॅलरीत आले, कठड्याला धरून चर्चच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले, तिथूनच वाकून नमस्कार केला आणि आत गेले. उपवासाच्या पंधरवड्यात! जो माणूस ताप अंगावर घेऊन उभ्यानं तीन तास प्रार्थना करायचा तो!

संध्याकाळी विचारलं, "चर्चला गर्दी होती का?" म्हणाले, "होती रे, बरीच." माझे वडील, माझ्या तोंडावर.

नेहासे १०

कालची फाइल. गिझर, आठ सात. मी समोर बसलो होतो तेव्हा! दारातून कुणी आत गेलं नाही. म्हणजे जो कोणी आहे तो आधीपासून आत होता, नाहीतर आमच्याच इमारतीतला आहे. तिसऱ्या मजल्यावरचा तो बिनलग्नाचा कंत्राटदार. ओले केस मिरवत जिना उतरतो. आणि अबाबांना सगळं माहीत आहे. त्यांनी चर्च सोडून दारावर पहारा धरलाय.

बायकोही गेली आणि बापही गेला. मी उरलो आणि लायब्ररी उरली.

नेहासे १७

उपवास संपला. ऑफिसात सगळ्यांनी मटण मागवलं. मी ताटातलं नुसतं चिवडत बसलो. रेदियेत म्हणाली, "गाशे, कोंबडं चोरीला गेल्यासारखा चेहरा कशाला?" मला राहवलं नाही. नाव न घेता सांगितलं, एका मित्राच्या घरी असं असं आहे. फाइल दाखवली.

तिनं दोन मिनिटं वाचली. मग म्हणाली, "तुमचा मित्र मध्यरात्री इस्त्री करतो?"

"त्याची बायको करते."

"आणि तुमचा मित्र स्वतःचा शर्ट कधी इस्त्री करतो?"

"सकाळी. सहा चाळीस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझे बूट बघावेसे वाटले. "ही वेळ आपली आहे की फिरंगी?"

मी फाइल पुन्हा वर सरकवली.

"सहा चाळीसमधून सहा तास गेले की काय उरतं, गाशे? शून्य चाळीस. ते तुम्हीच आहात. टीव्ही दोन ते चार म्हणजे रात्री आठ ते दहा. तेही तुम्हीच, फुटबॉल बघताना. तुमच्या मित्राला सांगा, स्वतःच्याच मागावर महिनाभर फिरलास, आता पाय दुखत असतील, बस." आणि माझ्याच ताटातलं मटण उचलून गेली.

वहीची मागची पानं चाळली. हमले १२. माझंच अक्षर.

नेहासे १८

झोप लागली नाही. आधी लाज वाटली, मग हलकं वाटलं, कंत्राटदाराला मनातल्या मनात सोडून दिलं. पण सकाळी हिशेब पुन्हा केला. आठ दहात सहा मिळवले की दुपारचे दोन दहा होतात. वुबित एकला घरी येते. म्हणजे वेळ चुकीची होती, गिझर खराच आहे. रोज भर दुपारी गिझर, त्यानंतर रोज मशीन. ती आंघोळ सकाळी माझ्यादेखत करते. मग दुपारी कुणासाठी? आणि कसले कपडे रोज धुते?

आठ दहाला ती घरात नव्हती, ह्या एका गोष्टीनं तिची निम्मी सुटका होत होती. दोन दहाला ती घरात असते. रेदियेतनं माझी चूक काढली आणि वुबितभोवतीची दोरी आवळली. रेदियेतला हे सांगितलं नाही. तिनं पुन्हा टोमणा मारला असता.

नेहासे १९

क्रमानं लिहितो.

दुपारी दोन आठला ऑफिसच्या लॅपटॉपवर दिसलं, गिझर चालू. मी तिथूनच बंद केला. दोन मिनिटांनी पुन्हा चालू, प्लगवरचं बटण दाबलं असणार. मी पुन्हा बंद केला. पुन्हा चालू. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? म्हटलं, होऊ दे थंड पाण्यानं आंघोळ, दोघांचीही डोकी ताळ्यावर येतील. मग किटली चालू झाली. तीही बंद केली. शेगडी. तीही. सगळं बंद करून टाकलं आणि टॅक्सी पकडून घरी गेलो. बाहेर धो धो पाऊस, हात बाहेर काढला तर बोटं आखडावीत अशी थंडी.

किल्लीनं दार उघडलं. आवाज न करता. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं.

अबाबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. उघडे. आईशिवाय त्यांना असं कुणी पाहिलं नसेल. दात कडाकडा वाजत होते. वुबित गुडघ्यांवर बसून, बाह्या वर करून, त्यांच्या पायांवरून थंड पाणी ओतत होती आणि बोलत होती, "झालं हं, झालंच अबाबा, मेली लाइट आजच जायची होती, एवढं झालं की जाड गाबीच्या शालीत गुंडाळते तुम्हाला." शेजारी घाण झालेली चादर. ती काळी पिशवी फुटलेली आणि तिच्यातून मोठ्या माणसांचे डायपर बाहेर आलेले.

आधी अबाबांनी मला पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःला झाकलं. मग हात पुरेनात म्हणून तोंड झाकलं.

वुबितनं वळून बघितलं. "बाहेर हो," एवढंच म्हणाली.

नेहासे २२

अबाबांना तीन दिवस ताप. डॉक्टर म्हणतात छातीत उतरलाय, ह्या वयात काही सांगता येत नाही. इंजेक्शनं चालू आहेत. अबाबा माझ्याकडे बघत नाहीत. मी खोलीत गेलो की डोळे मिटतात, निघालो की उघडतात.

सगळं कळलं. पावसाळा लागल्यापासून त्यांना लघवी आवरत नाही, कधी कधी दोन्ही. चर्चमध्ये एकदा सगळ्यांसमोर झालं, तेव्हापासून चर्च सुटलं. कॉफी सुटली. दुपारी झोपेत जास्त होतं, म्हणून दुपारची आंघोळ. मला सांगणार नाही अशी मरियमची शपथ त्यांनी वुबितला घातली होती. "सुनेनं बघितलं तर देवाघरी हिशेब देईन, पोरानं बघितलं तर इथेच मरेन," असं म्हणाले होते. तिसऱ्या प्रहरी खिडक्या उघडून, ऊद जाळून ती वास घालवायची. मी घरी येण्याआधी.

आणि मी लाइट घालवली.

नेहासे २३

वुबितला सांगून टाकलं. प्लग, फाइल, ज्यूसचं दुकान, कंत्राटदार, सगळं. कंत्राटदाराचं ऐकून ती एकदा हसली. ते हसू मला चार दिवस सलत राहील असं लागलं.

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी होतंस."

"शपथ होती. तू विचारलं असतंस तर मी खोटंच बोलले असते," ती म्हणाली. "पण विचारायचं होतंस, झेरिहुन. महिनाभर तू गिझरला विचारलंस. मशीनला विचारलंस. इस्त्रीला विचारलंस. मी रोज शेजारी झोपत होते."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं माझी बाजू घेऊन मला उत्तर सुचवलं नाही. ती अबाबांच्या खोलीत खाली अंथरूण टाकून झोपते.

नेहासे २९

ताप उतरला. अबाबा बसतात, डाळीच्या पिठाचं पातळ शिरो खातात. आज वुबितला म्हणाले, मला देब्रे बिरहानला सोड. ते घर बंद आहे, छत गळतं, तिथे कोण आहे त्यांचं? कुणीच नाही. म्हणूनच जायचंय. मी दाराशी उभा होतो. मला नाही सांगितलं, तिला सांगितलं.

ती म्हणाली, "पाऊस संपू दे. मग बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील माझ्या घरातून मला तोंड दाखवायला नको म्हणून जाताहेत. वाट्टेल ते कर, पण त्यांना जाऊ देऊ नकोस, असं वुबितला म्हटलं. "मी का?" म्हणाली. "माझ्यामुळे नाही चाललेत."

पागुमे ३

रुफाएल देवदूताचा दिवस. पाच दिवसांचा हा शेवटचा महिना, वर्ष संपायला आज धरून तीन दिवस उरले. आज पडणारं पाणी पवित्र, सकाळपासून इमारतीतली पोरं अंगणात उघडी नाचत होती. अबाबा गॅलरीतून बघत होते. दर वर्षी ह्या दिवशी ते पावसात उभे राहून आंघोळ करायचे, आम्हा सगळ्यांना ओढून न्यायचे. आज हात फक्त कठड्याबाहेर काढला होता.

वुबितनं दोन बादल्या पावसात ठेवल्या. भरल्या तशा आत आणल्या, पाणी पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं. मी बघत होतो. पाणी तापलं तसं तिनं कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा बादलीत ओतलं आणि बादली माझ्या हातात दिली.

"मी?"

"नाहीतर कोण? कंत्राटदाराला बोलावू?"

मी बाथरूमशी गेलो. अबाबा आधीच स्टुलावर बसले होते, खांद्यावर टॉवेल, पाठ दाराकडे. पाऊल ओळखलं त्यांनी. "तू बाहेर थांब. वुबितला पाठव."

मी मागे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हळूच मान हलवली आणि ओठांनी सांगितलं, दुकानात गेलेय म्हणून सांग.

"वुबित दुकानात गेलीय, अबाबा."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. बादली जड झाली, पण खाली ठेवायचा धीर होईना. ठेवली तर ते उठतील आणि देब्रे बिरहानला जातील असं काहीतरी वाटत होतं.

मग त्यांनी मान थोडी वळवली आणि माझ्या पायांपलीकडे, बाहेरच्या दाराकडे बघितलं.

"आज अनवाणी गेली वाटतं दुकानात," म्हणाले. "चपला इथेच दिसताहेत."

स्वयंपाकघरात कुणीतरी हसू दाबलं.

अबाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि मागे न बघता माझ्या दिशेनं धरला.

"दार लाव," म्हणाले. "थंडी येते."